पाटावर बसवलेली डिस्क

मित्रांनो, माझ्या उजव्या कोपऱ्याला पोचा आला आहे, तो हातोड्याचा. ज्या माणसाने तो हातोडा घातला, त्यानेच आदल्या दिवशी मला पाटावर बसवून हळदकुंकू वाहिलं होतं आणि माझ्यापुढे डोकं टेकवलं होतं. त्यामुळे कोणी माझ्या पाया पडायला वाकलं की मला आजही धडकी भरते.

मी एक जुनी डिस्क आहे. साबणाच्या वडीएवढी, काळ्या लोखंडी डबीत बसवलेली, एका टोकाला वायर असलेली. तुमच्या घरच्या संगणकात माझ्या बहिणी असतात, त्यांच्या पोटात गाणी आणि लग्नाचे फोटो असतात. माझ्या नशिबी तसले लाड नव्हते. मी दिग्रसच्या एका जिनिंग मिलमध्ये आले, आणि आले ती एका तुटलेल्या हातामुळे.

तो हात पूनमसिंगचा. जिनिंगमध्ये कापसातली सरकी निघते आणि उरलेली रुई प्रेसमध्ये जाते. तिथे एक लोखंडी दट्ट्या वरून उतरतो आणि खोलीभर रुई दाबून तिची खोक्याएवढी गाठ करतो. दट्ट्या वर गेला की दार उघडायचं आणि गाठीला तार बांधायची. पूनमसिंग तार बांधत असताना दट्ट्या पुन्हा उतरला. दट्ट्याला रुई काय आणि माणूस काय, दोन्ही सारखंच. त्याने पूनमसिंगचा उजवा हात कोपरापर्यंत गाठीत दाबला, आणि ती गाठ उघडली तेव्हा आतली रुई लाल होती.

पूनमसिंगची मुलगी उज्ज्वला तेव्हा शिकत होती. पुढे ती यवतमाळला मशिनींचे बोर्ड दुरुस्त करू लागली. तिच्या डोक्यातून ती लाल रुई काही गेली नाही. तिने प्रेसच्या दारावर एक खटका बसवला आणि त्या दारावर नजर ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला. दार उघडं असलं की कोणीही बटण दाबो, दट्ट्याने केसभरही हलायचं नाही. तो प्रोग्रॅम तिने माझ्या पोटात ठेवला आणि मला प्रेसच्या पॅनेलमध्ये बसवलं. दारावर एक पिवळा दिवा लावला. तो पेटलेला असला की समजायचं, डिस्क जागी आहे, दाराकडे बघते आहे.

पॅनेलमध्ये माझ्याआधीपासून एक म्हातारा राहत होता. बोर्डालाच डाख देऊन चिकटवलेली चिप. त्याच्या पोटात प्रेसचा जुना प्रोग्रॅम होता, आणि त्या प्रोग्रॅमला दार नावाची वस्तूच ठाऊक नव्हती. उज्ज्वला मॅनेजरला म्हणाली होती, "साहेब, हा जुना प्रोग्रॅम पुसून टाकू द्या मले." मॅनेजर म्हणाला, "राहू द्या हो. भर सीझनमध्ये तुमची डिस्क बिघडली तर मी मिल बंद ठेवू काय?" तेव्हा म्हातारा राहिला, डिस्कने ओ दिली नाही तर प्रेस चालवायला. त्याचं ते राहणंच पुढे भोवलं.

आता मशीन जागी कशी होते ते सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला नीट कळेल. आमच्या मिलच्या फाटकावर कापसाच्या गाड्या येतात. फाटकावरचा माणूस गाडी डोळ्यांनी बघतो, तिला ओळखतो आणि तिच्या नावाचं टोकन वजनकाट्याच्या खिडकीत पाठवतो. खिडकीतल्या माणसाला गाडी दिसत नाही. तो फक्त टोकन पुकारतो आणि ज्याचं टोकन त्याची गाडी आत घेतो. बोर्डातही असंच चालतं. बूटलोडर नावाचा एक प्रोग्रॅम सगळ्यांच्या आधी उठतो आणि कोण कोण जोडलेलं आहे ते बघतो. ही डिस्क, हा म्हातारा, हा दाराचा खटका, अशी एकेकाची ओळख तो मनात मांडून ठेवतो. मग फर्मवेअरच्या, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, खिडकीत प्रत्येकाच्या नावाचं एक टोकन देतो. त्या टोकनाला हँडल म्हणतात. पुढचं सगळं काम हँडलवर चालतं. बूटलोडरने ओळखलेली डिस्क आणि खिडकीतलं तिचं हँडल यांच्यामध्ये एक धागा असतो. तो धागा शाबूत, तर सगळं शाबूत.

बरीच वर्षं तो शाबूत राहिला. मी दाराकडे बघत होते, पिवळा दिवा पेटत होता, गाठी निघत होत्या. प्रेस सांभाळणारा मिस्त्री खेमसिंग, म्हणजे पूनमसिंगचा धाकटा भाऊ. कोणी पाहुणा आला की तो छाती फुगवून सांगायचा, "आमच्या उज्ज्वलानं बसवली हे डिस्क. हे असली का कोनाच्या बोटाले खरचटत नाही." तो असं बोलायचा तेव्हा मी फुगून डबीत मावत नसे. कौतुक कोणाला कडू लागतं?

पण त्या कौतुकाने एक वाईट गोष्ट केली. माणसं निर्धास्त झाली. पूर्वी तार बांधायला हात घालताना माणूस चार वेळा वर बघायचा. आता दार उघडलं की खुशाल खांद्यापर्यंत हात आत. खेमसिंगचा मुलगा बादल तर हात आत घालून गाणी म्हणायचा. होळीला त्यांच्या बंजारा वस्तीत, तांड्यात, लेंगीची गाणी रंगायची ती त्याच्या डफावर, आणि मिलमध्ये डफ नसला तर तो प्रेसच्या पत्र्यावर ताल धरायचा. भुरीबाई, म्हणजे त्याची आई, तिथेच कापूस निवडायला बसे. ती ओरडायची, "अरे, हात काढ आंधी, मंग गा." तो हसायचा आणि म्हणायचा, "याडी, डिस्क हाय ना." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

मग ती खंडेनवमी आली. आमच्या मिलमध्ये सीझनचा मुहूर्त दसऱ्याला आणि अवजारांची पूजा आदल्या दिवशी. खेमसिंगने पाट मांडला. पाने, करवत, ऐरण, हातोडा सगळे धुऊनपुसून पाटावर आले. मग त्याची नजर पॅनेलकडे गेली.

"हेबी अवजारच हाय," तो भुरीबाईला म्हणाला. "साऱ्यात मोठं अवजार. मंग हे काहून मांगं राहावं?"

"मंग बंद करा मशीन अन् काढा," ती म्हणाली.

"बंद कशी करू? नवरात्र हाय. दिवा इझू द्याचा नसते."

हा दिवा म्हणजे बोर्डावरचा हिरवा दिवा. घरात घटापुढे नऊ दिवस अखंड दिवा असतो, तसा खेमसिंगने मिलमध्ये हा हिरवा दिवा धरला होता. घटस्थापनेपासून त्याने बोर्ड चालू ठेवला होता, पण बूटलोडर उठून सगळ्यांची ओळख करून घेतो आणि टोकनं देतो, तिथेच एक बटण दाबून त्याला थांबवून ठेवलं होतं. म्हणजे मशीन अर्धी जागी, प्रेस थंड आणि दिवा पेटलेला. खेमसिंगला दोन्ही धर्म पाळायचे होते. दिवा विझू द्यायचा नव्हता आणि अवजार पाटावर आणायचं होतं. म्हणून त्याने चालू बोर्डातून मला खसकन उपटलं.

त्या दिवशी माझा थाट काय वर्णावा. करवतीच्या आणि हातोड्याच्या मध्ये मी बसले होते, अंगावर हळदकुंकू, डोक्यावर झेंडूचं फूल. खेमसिंगने नारळ फोडला आणि माझ्यापुढे डोकं टेकलं. मी मूर्ख, मला वाटलं आपण देव झालो. शेजारच्या हातोड्याकडे मी ढुंकूनही बघितलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी त्याने मला फडक्याने पुसून त्याच खाचेत परत बसवलं आणि बटण दाबलं. बूटलोडर पुढे निघाला. त्याने मला बघितलं, ओळखलंही, आणि नवी पाहुणी म्हणून माझी नव्याने नोंद करून घेतली. पण खिडकीत माझं जुनं हँडल तसंच पडून होतं, कारण मी निघून गेल्याचं खिडकीला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि टोकनं आधीच वाटून झाली होती, म्हणून नवीन हँडल मला कोणी दिलं नाही. खिडकीने जुनं टोकन पुकारलं. त्याचा धागा तुटलेला, तिकडून ओ कोण देणार? मी आवारात उभी असून कोणी मला बोलावलं नाही. मी ओरडले असते, पण आम्हा डिस्कांना विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि त्या लाचारीची मला त्या दिवसाइतकी चीड कधी आली नाही. खिडकीने दुसरं टोकन पुकारलं. म्हातारा म्हणाला, हजर.

प्रेस सुरू झाली. सगळं नेहमीसारखं दिसत होतं. दारावरचा पिवळा दिवा विझलेला होता, पण त्याच्यावर झेंडूचा आणि आपट्याच्या पानांचा भला मोठा हार घातला होता. हाराखाली कोण बघणार?

मुहूर्ताच्या गाठीसाठी सगळी मिल जमली. रुई भरली गेली. बादलला तार वाकडी दिसली म्हणून त्याने दार उघडलं आणि हात आत घातला, खांद्यापर्यंत, नेहमीसारखा. प्रेसच्या दुसऱ्या बाजूला बटणापाशी खेमसिंग उभा होता. मध्ये माणसांची गर्दी, त्याला दार दिसत नव्हतं. मॅनेजर म्हणाला, "मिस्त्री, मुहूर्त टळतो आहे." खेमसिंगने देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. दार उघडं असेल तर प्रेस हलणार नाही, एवढं त्याला पक्कं माहीत होतं.

दट्ट्या उतरला. "याडी" अशी एकच हाक आली. मग हाडं मोडल्याचा आवाज झाला, कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीवर पाय द्यावा तसा. बादल दारात लटकला. खेमसिंग गर्दीतून धावत आला, त्याने दट्ट्या उलटा फिरवला, आणि हात मोकळा झाला तेव्हा त्याला हात म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. रक्त हारावर उडालं, पॅनेलच्या काचेवर उडालं. भुरीबाईने आपलं लुगडं फाडून त्याच्या दंडाला करकचून बांधलं. मिलच्या जीपमध्ये घालून माणसांनी त्याला यवतमाळच्या दवाखान्याकडे नेलं.

जीप फाटकाबाहेर पडली आणि मॅनेजर मोठ्याने म्हणाला, "पोरगा पिऊन आला होता. सणाचा दिवस. तुम्हीच बघा, मशीन बंद करून चालू करा, दार उघडं ठेवा, प्रेस हलते का बघा."

मित्रांनो, तो माणूस लबाड होता की नुसता घाबरलेला, हे मला अजून ठरवता येत नाही. पण तो म्हणत होता ते केलं असतं, तर प्रेस खरंच हलली नसती. कारण वीज बंद करून चालू केली की बूटलोडर सगळं विसरून नव्याने उठतो. मला नवं हँडल मिळालं असतं, मी दाराकडे बघितलं असतं, आणि सगळ्यांनी मान हलवून म्हटलं असतं, मशीन चांगली आहे, पोरगाच बेवडा. खरं काय घडलं ते फक्त त्या बोर्डात होतं, आणि तेही हिरवा दिवा पेटलेला असेपर्यंत.

तेवढ्यात खेमसिंगने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे मी विसरणार नाही. त्याने काच फोडून मला पॅनेलमधून ओढून काढलं, ऐरणीवर ठेवलं आणि पाटावरचा हातोडा उचलला.

"खाल्ला तुनं माह्या लेकाचा हात," तो म्हणाला. "काल तुले पुजली अन् आज खाल्ला."

पहिला घाव कोपऱ्यावर बसला. डबी चेपली, ठिणगी उडाली, पण पोटातला प्रोग्रॅम वाचला. दुसरा घाव मधोमध बसला असता तर ही कहाणी सांगायला मी उरले नसते. पण भुरीबाईने त्याचा हात धरला. तिच्या दुसऱ्या हातात फोन होता, बोटांवर लेकाचं रक्त. तिने उज्ज्वलाला फोन लावला होता आणि तो तिने खेमसिंगच्या कानाला लावला. मी त्याच हाताखाली होते, म्हणून मलाही ऐकू आलं.

"काका, पिवळा दिवा लागला होता काय?"

"हाराखाली होता. पाह्यलाच नाही."

"मेन स्विच पाडला काय कोनी?"

"नाही."

"मंग पाडू देऊ नका. काही झालं तरी बोर्डाचा दिवा इझू देऊ नका. मी गाडीत बसून राह्यली."

खेमसिंगने हातोडा खाली ठेवला नाही. तो हातोडा घेऊनच मेन स्विचपुढे जाऊन उभा राहिला. मॅनेजरची दोन माणसं स्विच पाडायला आली. त्याने सांगितलं, "कोनी हात लावाचा नाही." त्यांनी त्याला ढकललं, तो हलला नाही. मग त्यातल्या एकाने दंडुका काढला. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा बरगडीवर. हातात हातोडा असून खेमसिंगने तो कोणावर उगारला नाही. पाठ स्विचला टेकवून तो नुसता मार खात राहिला. कपाळ फुटून रक्त डोळ्यात गेलं, तरी त्याची नजर पॅनेलमधल्या हिरव्या दिव्यावर होती.

तोवर तांड्याला बातमी लागली होती. टेम्पो भरून माणसं आली, काठ्या घेऊनच आली. त्यांनी ऑफिसच्या काचा फोडल्या, दंडुकेवाल्याला आवारभर लोळवलं, मॅनेजरने स्वतःला आतल्या खोलीत कोंडून घेतलं. एकजण प्रेसच्या वायरी उपटायला धावला. भुरीबाई पॅनेलला मिठी मारून उभी राहिली. "हे तोडसान त माह्या पोराची साक्ष तोडसान," ती म्हणाली. तेव्हा कुठे काठ्या खाली आल्या.

उज्ज्वला पोचली तेव्हा ठाण्याचा जमादार पंचनाम्याला येऊन बसला होता. तिने कोणाशी न बोलता आपला लॅपटॉप बोर्डाला जोडला. बूटलोडर उठताना काय काय बोलला ते बोर्डाच्या स्मरणात जसंच्या तसं होतं. तिने ते वाचलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग जमादाराला पडदा दाखवला.

"हे पाहा. डिस्क दिसली, असं बूटलोडर म्हनते. हँडल नाही, असं फर्मवेअर म्हनते. दोघाईचा धागाच नाही. म्हनून मशीन जुन्या चिपवर चालली, अन् त्या चिपले दार समजत नाही. बादलची काही चूक नाही."

मग ती खेमसिंगकडे वळली. "काका, चालू बोर्डातून काढलती काय तिले?"

खेमसिंगने मान हलवली. पोराची चूक नव्हती हे सिद्ध करणारा पुरावा त्याने मार खाऊन जपला होता, आणि तो पुरावा त्याच्याकडेच बोट दाखवत होता. तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. उज्ज्वला त्याच्या शेजारी बसली. "मीबी चुकली, काका," ती म्हणाली. "गाडी गेली का टोकन रद्द झालं पायजे अन् गाडी वापस आली का नवं भेटलं पायजे. एवढं मी लिवलंच नवतं. मले वाटलं, चालू मशीनमधून डिस्क काढन कोन?"

जमादाराने सगळं लिहून घेतलं. जुनी चिप कोणी ठेवायला लावली हेही लिहून घेतलं. दारूचा ठपका बादलवर लागला नाही. पण हात गेला तो गेलाच.

उज्ज्वलाने तो धागा बांधला. आता डिस्क निघाली की तिचं हँडल त्याच क्षणी मरतं, आणि परत आली की नवं मिळतं. हँडल नसेल तर मशीन उठतच नाही, कारण म्हाताऱ्याच्या पोटातला जुना प्रोग्रॅम तिने पुसून टाकला, या वेळी कोणाला न विचारता. पहिल्यांदा प्रेस सुरू करायची वेळ आली तेव्हा कामगार मागे सरकले. कपाळाला पट्टी बांधलेला खेमसिंग पुढे आला. त्याने चालू बोर्डातून मला उपटलं, परत बसवलं, दार उघडलं आणि आपला उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला.

"दाब बटन," तो उज्ज्वलाला म्हणाला.

"काका, लाकूड घालून पाहू ना."

"लाकडाले लेक नसते. दाब."

तिने डोळे मिटून बटण दाबलं. पंप गुरगुरला, पॅनेल थरथरलं. मी दाराकडे बघत होते, माझ्या सगळ्या आयुष्यात बघितलं नसेल इतकं टक लावून. दट्ट्या हलला नाही.

आता मी म्हातारी झाले. माझ्या जागी नवी डिस्क आली आहे आणि मी खेमसिंगच्या पेटीत पाने-करवतीबरोबर असते. बादल बरा होऊन मिलमध्ये फाटकावर बसतो, टोकनं देतो, आणि गाडी बाहेर पडताना टोकन घेतल्याशिवाय कोणाच्या बापालाही सोडत नाही.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. उज्ज्वलाने आधी बोर्ड बंद केला. नवरात्रात तो हिरवा दिवा विझला, आणि खेमसिंगने तो विझू दिला. मग पाट मांडला. मला वाटलं, या वेळी नव्या डिस्कचा मान. पण खेमसिंगने पेटीतून मलाच काढलं, पोचा आलेला कोपरा फडक्याने पुसला आणि बादलला म्हणाला, "लाव कुंकू."

बादल मागे सरकला. उजवी बाही रिकामी लोंबत होती. "बा, डाव्या हातानं पूजा करत नसतेत," तो म्हणाला.

"कोन म्हनते? आता तोच तुहा उजवा. लाव."

मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगते. आम्हाला पुजलं नाही तरी चालेल. पण काढताना सांगून काढा, लावलं की आमची ओळख लागली का ते बघा, आणि दिव्यावर हार घालू नका. बादलने डाव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्या पोच्यावर टेकवलं.